हिडकलच्या गार पाण्यात ट्राऊट का टिकणार नाही

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: अमेरिकेतल्या धरणांखालच्या गार नद्यांवर फ्लाय फिशिंग करून, म्हणजे हुकावर पिसं-लोकर बांधून केलेला खोटा किडा (फ्लाय) टाकून, ट्राऊट हा गार पाण्यातला मासा पकडणारी माणसं तुम्ही पाहिलीत. एप्रिलात हिडकल धरणाच्या खाली घटप्रभेत पाय घातलात तर पाणी चांगलं गार लागलं. मग मनात आलं, धरण आपल्याकडं आहे, पाणी गार आहे, तर ट्राऊट का नाही? कुणी पिल्लं आणून सोडली तर टिकतील का? आणि टिकणार नसतील तर बेळगावात राहून हे शिकायचं कसं?

मी खानापूर तालुक्यातला. मलप्रभेच्या काठावर गळ टाकत वाढलो, मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो आणि हिमाचलात असताना एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी हातात पहिल्यांदा फ्लाय रॉड दिला. तीसेक वर्षं झाली, तो नाद सुटलेला नाही. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा मलाही अगदी हाच प्रश्न पडला होता. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पायाला पाणी गार लागलं ते खरं, पण त्यावरून तापमान कळत नाही. हुक्केरीत एप्रिलच्या दुपारी हवा 38 अंशांवर असते. अशा उन्हातून आलेल्या पायाला 24 अंशांचं पाणीही बर्फासारखं वाटतं. मी खिशात साधा काचेचा थर्मामीटर ठेवतो, त्याला दोरी बांधून तो पाण्यात बुडवून दोन मिनिटं थांबतो. हिडकलच्या खाली तो माझ्या हातात कधी 20 च्या खाली उतरलेला नाही, अगदी डिसेंबरातल्या पहाटेही नाही.

ब्राऊन ट्राऊट 12 ते 16 अंशांच्या पाण्यात मजेत खातो, पळतो, वाढतो. वीस ओलांडले की खाणं कमी होतं, धाप लागते. पंचविशीच्या आसपास तो मरतो. रेनबो ट्राऊट थोडं जास्त सोसतो, पण फार नाही. आणि हे झालं मोठ्या माशाचं. ट्राऊटची मादी धावत्या पाण्यातल्या गोट्यांमध्ये शेपटीनं खड्डा करून अंडी घालते, ती अंडी नीट उबायला पाणी 10 अंशांच्या आसपास लागतं. ज्यांना जंगली ट्राऊट म्हणतात ते म्हणजे नदीतच जन्मलेले. पिल्लं आणून सोडली आणि चार महिने जगली, तरी ती नदी ट्राऊटची झाली असं होत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. धरण पाणी गार करत नाही, धरण हिवाळा साठवून ठेवतं. अमेरिकेत आर्कान्सामध्ये व्हाइट नदीवर बुल शोल्स नावाचं धरण आहे, न्यू मेक्सिकोत सॅन हुआन नदीवर नवाहो धरण आहे, 1962 साली पूर्ण झालेलं. तिथं थंडीत जलाशयाचं सगळं पाणी वरपासून तळापर्यंत कडक गारठतं. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळं गारठलेलं पाणी खाली बसतं. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, हलका होतो आणि वरच तरंगत राहतो. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. धरणाचं दार किंवा टर्बाइनचं तोंड खोलवर असतं, म्हणून भर उन्हाळ्यातही बाहेर येतं ते जानेवारीतलं पाणी. सॅन हुआनला धरणाखाली वर्षभर पाणी 6-7 अंशांच्या आसपास राहतं.

आपल्याकडं जलाशयात थर बनतातच. हिडकलमध्ये 51 टीएमसी पाणी मावतं, सुपा धरण 101 मीटर उंच आहे, खोली काही कमी नाही. पण तळाशी जाऊन बसणार ते आपल्या हिवाळ्यातलं पाणी, आणि बेळगावात जानेवारीतही दिवस-रात्रीची सरासरी विशीच्या वरच राहते. जो गारठा पडलाच नाही तो धरण साठवणार कुठून? धरण कितीही खोल बांधा, हे गणित बदलत नाही.

दुसरी अडचण प्राणवायूची. 10 अंशांच्या पाण्यात लिटरला 11 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, 25 अंशांना 8 च्या थोडा वर. शिवाय उष्ण प्रदेशातल्या जलाशयाच्या तळाशी कुजणारा पाला आणि गाळ तोही खाऊन टाकतात. काही धरणांच्या तळदारातून पाणी सुटलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो यामुळंच. म्हणजे आपल्याकडं तळाचं पाणी जेवढं गार, तेवढंच श्वासाला कमी. ट्राऊटला दोन्ही एकदम लागतं.

पिल्लं सोडण्याबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय, सोडू नका, प्रयोग म्हणूनसुद्धा नको. ट्राऊट मरतील हे एक, पण आपल्या नद्यांत आधीच बाहेरून आलेल्या चिलापीनं काय केलंय ते कुठल्याही भोई-कोळी माणसाला विचारा. या नद्यांत काय काय आहे ते अजून पुरतं मोजलेलंही नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात बोटभर लांबीचा एक मासा सापडला, विज्ञानाला नवा. 2020 साली त्याचं नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. हीच हिरण्यकेशी पुढं संकेश्वरावरून येऊन तुमच्या घटप्रभेला मिळते. अशा पाण्यात परका शिकारी मासा सोडायला माझा हात धजणार नाही. व्हाइट नदीचंही ऐका: धरणाआधी ती कोमट पाण्याची नदी होती, तिच्यातले मूळचे मासे वेगळे होते. धरणानं पाणी गारठवलं, ते मासे हटले, आणि त्यांच्या जागी ट्राऊट आणून सोडावे लागले. त्या नद्यांवरचे ट्राऊट कितीही देखणे दिसले तरी ती एका मोडलेल्या नदीवरची डागडुजी आहे.

मग भारतात ट्राऊट कुठं आहे? जिथं हिवाळा खरा आहे तिथं, आणि दक्षिणेत जिथं उंचीनं ती उणीव भरून काढली तिथं. काश्मिरात पहिली अंडी वाटेतच मेली, 1900 साली स्कॉटलंडहून आलेली टिकली. तिथून 1909 मध्ये ती कुलू खोऱ्यात आली. तीर्थन, सैंज, उहल या नद्यांत आज ब्राऊन ट्राऊट आहे, बरोट आणि पतलीकुहलला सरकारी हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवायची केंद्रं, आहेत. दक्षिणेत निलगिरीत अव्हलांचला 1907 मध्ये हॅचरी उभी राहिली, तिथं आणि मुन्नारच्या वरच्या डोंगरात रेनबो ट्राऊट रुजला. ही ठिकाणं दोन हजार मीटर आणि त्याच्याही वर. आपलं बेळगाव साडेसातशेच्या आसपास. सह्याद्रीच्या आपल्या भागात ट्राऊटला लागणारी उंचीच नाही.

तीर्थनवर जायचं असेल तर आपल्या स्टेशनवरून गोवा एक्स्प्रेस थेट दिल्लीला जाते. तिथून मनालीच्या बसनं औटला उतरायचं आणि बंजार, गुशैनीकडं वळायचं. मार्च-एप्रिल चांगला, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. जून-जुलैत वितळलेल्या बर्फानं आणि पावसानं पाणी गढूळ असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिमाचलात ट्राऊट धरायला बंदी आहे, तो त्यांचा अंडी घालायचा काळ. मत्स्य खात्याचा दिवसाचा परवाना मिळतो, तो घेतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

तीर्थनवर धरण नाही, ती बर्फाची नदी आहे. धरणाखालची नदी वेगळी वागते. कधी परदेशी गेलात तर उपयोगी पडेल आणि त्यातलं बरंचसं कुठल्याही नदीला लागू आहे, म्हणून सांगतो. धरणात गाळ खाली बसतो, त्यामुळं बाहेर येणारं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. आपल्याला मासा दिसतो आणि माशाला आपण. तापमान वर्षभर जवळजवळ एकच, म्हणून किड्यांच्या जाती मोजक्या, पण संख्या अफाट, आणि किडे अगदी बारीक, डासाएवढे. तिथं 18 ते 24 नंबरचे हुक लागतात. नंबर वाढला की हुक लहान होतो, 24 नंबरचा तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. दोरीपुढं जो निमुळता तंगूस बांधतात तो लीडर. त्याचं टोक 5 एक्स किंवा 6 एक्स जाडीचं, केसासारखं. मासा दिवसातला बहुतेक वेळ तळाशी खातो, म्हणून अळीसारखी निम्फ फ्लाय तळाजवळून वाहू द्यायची आणि वर एक छोटं तरंगणारं बोंड लावून त्याच्यावर नजर ठेवायची. बोंड किंचित थबकलं तरी रॉड उचलायचा.

सगळं कौशल्य फ्लाय पाण्याच्याच वेगानं वाहू देण्यात आहे. दोरीखालचं पाणी जोरात असेल तर ते दोरीला ओढतं, दोरी फ्लायला ओढते, आणि ओढला जाणारा किडा माशानं आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. म्हणून फेकल्या फेकल्या रॉडच्या टोकानं दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची. ही एक गोष्ट शिकायला मला दोन हंगाम लागले. मासा कुठं उभा असेल ते मात्र पटकन कळतं. धावतं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकाला घासून चालतात तिथं पाण्यावर शिवणीसारखी रेघ दिसते. मासा संथ बाजूला उभा राहतो, शक्ती वाचवतो, आणि धावत्या बाजूनं येणारं खाणं मान वळवून उचलतो. तोंड नेहमी प्रवाहाच्या वर. म्हणून आपण खालून, त्याच्या पाठीमागून जायचं, वाकून. पाण्याखालून माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, आणि काठावर ताठ उभा माणूस त्या खिडकीत येतो. गुडघ्यावर बसलेला माणूस तिच्या कडेला चेपला जातो, माशाला दिसत नाही.

आता बेळगावात बसून शिकायचं कसं. याला नदी लागतच नाही, निदान पहिले दोन महिने. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी सहाला जा. नऊ फुटी पाच नंबरचा रॉड (हा नंबर दोरीच्या वजनाचा), त्याच नंबरची तरंगणारी दोरी, नऊ फुटांचा लीडर, आणि हुकाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा. साध्या गळात शिसं दोरीला ओढत नेतं. इथं उलट, फ्लायला वजनच नसतं, दोरीचं वजन तिला नेतं. पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन साधारण 9 ग्रॅम, तेवढंच तुमचं हत्यार. अंगठा रॉडच्या पाठीवर, कोपर बरगडीजवळ. उचला, वेग वाढवत न्या, कानापाशी थांबा. दोरी मागं पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघा. मग पुढं न्या आणि हातोड्यानं खिळा ठोकल्यासारखं एकदम थांबा. आपण गळ फेकून मोठे झालेले लोक मागं थांबतच नाही, हात लगेच पुढं येतो आणि दोरी पायाशी गोळा होते. मान वळवून दोरी मागं सरळ झालेली डोळ्यांनी बघा, आठवडाभरात लय सापडते. रोज वीस मिनिटं पुरे. रविवारी चार तास केले तर खांदा धरतो आणि चुकीची सवय लागते.

फ्लाय बांधायचं घरीच शिका. फेजंट टेल नावाची जगप्रसिद्ध निम्फ फक्त दोन गोष्टींनी बांधतात, तितराच्या जातीतल्या पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची बारीक तार. इंग्लंडात एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांची ती कल्पना. मी तितराऐवजी गावठी कोंबडीचं तपकिरी पीस वापरतो, आणि तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून, तिथं वीतभर तुकडे केरातच पडलेले असतात. घोंगडीची काळी लोकर अळीच्या अंगासाठी उत्तम. बांधण्याआधी नदीतला एक दगड उलटा करून बघा. त्याच्या खाली चपट्या, शेपटीला दोन-तीन केस असलेल्या अळ्या आणि वाळूची घरं चिकटवलेले किडे दिसतील. रंग आणि लांबी त्यांच्याशी जुळली पाहिजे, परदेशी चित्राशी नव्हे.

मासा कोणता? ट्राऊटची आठवण करून देणारा मासा आपल्याकडं आहे, वीतभर लांब, अंगावर निळसर उभे पट्टे, धावत्या पाण्यात राहणारा, वर येऊन किडा टिपणारा. बॅरिल म्हणतात त्याला इंग्रजीत. पावसाच्या तोंडावर वारुळातनं पंखाची वाळवी उधळते आणि पाण्यावर पडते, तेव्हा हे मासे ज्या तऱ्हेनं पाणी फोडतात ते बघून तीर्थनची संध्याकाळ आठवते. तीन नंबरच्या हलक्या रॉडवर हा वीतभर मासा काय ओढ देतो ते करूनच बघा. आणि मोठा हवा असेल तर महाशीर. आपल्या महाशीराला शास्त्रात नाव दिलं कर्नल साइक्स यांनी, 1839 मध्ये, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून: खुद्री. उंबर नदीवर ओथंबलेला असेल तर पिकलं फळ पडल्याचा आवाज ऐकून महाशीर वर येतो. त्यासाठी लालसर लोकरीची गोल फ्लाय बांधतात आणि ती हळुवार नव्हे, फळासारखी टप्पकन टाकतात. बोंड बघत बसण्यापेक्षा या प्रकारात मला जास्त आनंद मिळतो.

कुठं टाकायचं हे मात्र नीट विचारून. धूपदाळचं पाणी पक्षी अभयारण्यात येतं, खानापूरकडचं वरचं रान भीमगड अभयारण्यात, आणि काळी नदीचा जोयडा-दांडेलीचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात. अशा ठिकाणी धरून सोडून देतो म्हटलं तरी चालत नाही. राकसकोपला शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिकडं जाऊच नका. धरणाच्या पाण्यावर मासेमारीचा हक्क ठेक्यानं किंवा परवान्यानं दिलेला असतो. तालुक्याच्या मत्स्य खात्यात विचारा आणि तिथल्या मच्छीमारांनाही भेटा, ते पाणी त्यांचं पोट आहे. पाऊस सुरू झाला की चढणीला लागलेले मासे पोटात अंडी घेऊन वर जात असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

धरणाखालच्या पाण्याच्या धोक्याबद्दल थोडं कडक लिहितो, कारण पोरं ऐकत नाहीत. 8 जून 2014 ला हिमाचलात लारजी धरणातून पाणी सुटलं आणि खाली बियासच्या पात्रात दगडांवर उभे असलेले 24 विद्यार्थी वाहून गेले. तीर्थन बियासला मिळते ती तिथंच, लारजीला. मी त्या पात्राच्या काठानं कितीदा चाललोय. काळीवर गणेशगुडीला राफ्टिंग चालतं तेच मुळी सुपाच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर, म्हणजे तिथं कोरडं पात्र तासाभरात भरतं. पाण्यात शिरण्याआधी काठावरच्या एका दगडावर ओल कुठवर आहे ते हेरून ठेवा. ती रेघ बुडाली, पाण्यात अचानक काटक्या-पाला यायला लागला, आवाज बदलला, की दोरी गुंडाळत बसू नका, काठ गाठा. बेटासारख्या दगडावर कधी उभं राहायचं नाही. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घातला तर कमरेला पट्टा आवळा, नाहीतर पडल्यावर त्यात पाणी भरतं. आणि हातात बांबूची काठी, पुढचं पाऊल टाकायच्या आधी तिनं तळ चाचपायचा.

मासा लागला आणि सोडायचा असेल तर हुकाचा उलटा काटा आधीच चिमट्यानं दाबून टाका. हात ओले करून धरा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. पाण्याबाहेर काढायचाच असेल तर आपण श्वास रोखून धरू शकतो तेवढाच वेळ. ट्राऊटच्या नदीवर थर्मामीटरनं 20 दाखवलं की मी त्या दिवशी दोरी गुंडाळतो, कारण त्या पाण्यात दमलेला मासा सोडला तरी पुढच्या वळणावर मरतो.

नवा रॉड लगेच घेऊ नका. माझा जुना पाच नंबरचा घरात पडून आहे, दोरीसकट. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी सकाळी मैदानावर या, लोकरीचा गोंडा मी बांधून आणतो. थर्मामीटर मात्र तुम्ही तुमचा घ्या, आणि वर्षभर दर महिन्याला हिडकलच्या खालचं तापमान वहीत लिहून ठेवा.